हुकुमाची भाषा आणि हक्काची भाषा

(माजी सैनिक, त्यांचे कुटुंबीय व नवदीक्षित बौद्ध बंधुभगिनी यांच्या सभेत एका वकील बांधवाने दिलेले व्याख्यान)



लष्करी जीवनात भाषा आणि सत्ता यांचा माणसाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, या विषयावर मी बोलावे अशी मंडळाची इच्छा आहे. विषयाचे नाव ऐकून हा वकील आता आपल्याला पुस्तकी पांडित्य ऐकविणार असे काहींना वाटले असेल. तसा माझा इरादा नाही. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी पलटणीचे अन्न खाल्ले आहे आणि हुकूम म्हणजे काय हे त्यांना माझ्याकडून शिकावयाचे नाही. मी स्वतः बंदूक कधी हाती धरलेली नाही. माझा लष्कराशी संबंध आला तो दोन वाटांनी. एक वाट माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून आली आणि दुसरी माझ्या अशिलांच्या कागदांतून.

आजोबा १९४३ साली भरती झाले आणि १९५८ साली नाईक म्हणून घरी आले. त्यांच्या ट्रंकेत तळाशी मेणकापडात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक असे. त्यात वर्तणुकीच्या रकान्यात साहेबाने इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, 'एक्झेम्प्लरी', म्हणजे आदर्श. आजोबांना तो शब्द उच्चारता येत नसे, वाचता तर मुळीच येत नसे. तरी पाहुणा आला की ते पुस्तक काढीत आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणत, "हे बघा, सरकारनं लिहून दिलंय." पंधरा वर्षांच्या नोकरीचे सार ज्या शब्दात होते, तो शब्द त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता. मी तेव्हा लहान होतो आणि मला त्याचे हसू येई. वकिलीची सनद घेतल्यावर मला त्याचे हसू येईनासे झाले.

गावात त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत, हे येथील वृद्धांना सांगावयास नको. रामाचा राम्या आणि लक्ष्मणाचा लक्ष्या करण्याची जी गावकीची रीत होती, तीत नावाच्या शेवटी एक 'या' लावला की माणसाची किंमत ठरून जात असे. हाक मारणारा दहा वर्षांचा पोर असो आणि ओ देणारा साठीचा असो, 'या' काही सुटत नसे. पलटणीत गेल्यावर त्यांना एक क्रमांक मिळाला, एक हुद्दा मिळाला, आणि 'या' गळून पडला. ते म्हणत, "पलटणीत माझी जात विचारली ती एकदाच, भरतीच्या दिवशी. गावात ती रोज विचारीत, आणि माहीत असून विचारीत." लोखंडी बिल्ल्यावरचा क्रमांक पाहून एखाद्या सुशिक्षित माणसास वाटेल की, येथे माणसाचे माणूसपण पुसले गेले. माझ्या आजोबांना मात्र त्या क्रमांकाने प्रथमच इतरांच्या रांगेत उभे केले. म्हणून लष्करी भाषा माणसाला यंत्र बनविते, एवढेच सरसकट विधान करून जे विद्वान थांबतात, त्यांच्याशी माझे पूर्णपणे जुळत नाही. कोण कोणत्या भाषेतून सुटून तेथे आला आहे, हे आधी विचारले पाहिजे.

परंतु याच वस्तूची दुसरी बाजूही आहे. ज्या सत्तेने हुद्द्याचा शब्द दिला, त्याच सत्तेच्या हाती तो शब्द काढून घेण्याचेही सामर्थ्य होते, आणि तिने तो काढून घेतला. हा इतिहास आपल्या तरुण पिढीला तपशिलाने ठाऊक असावा, म्हणून थोडे मागे जातो.

भीमा कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तेथील स्तंभावर इंग्रजीत आणि मराठीत लेख कोरलेले आहेत. लेख लिहिणारे इंग्रज असल्याने तो पराक्रम ब्रिटिश सैन्याचा म्हणून गौरविला आहे. पण त्याच दगडावर पडलेल्यांची नावे आहेत, आणि त्यांतील बावीस नावांच्या शेवटी 'नाक' हे पद आहे. महार शिपायांच्या नावांची ती खूण होती. गौरवाचे वाक्य राज्यकर्त्यांच्या मालकीचे होते, नावे मात्र आपली राहिली. परमपूज्य बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले, ते ती नावे वाचावयास गेले असे मला नेहमी वाटते.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महारांनी पुढेही अनेक वर्षे नोकरी केली. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवा शब्द लष्करी कचेऱ्यांतून फिरू लागला. तो शब्द म्हणजे 'लढाऊ जमात'. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती होते, आणि ते या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. काही जमाती जन्मतः लढवय्या असतात व काही नसतात, पंजाबी, पठाण, गुरखे हे पहिल्या वर्गात आणि दक्षिणेतील बरेचसे लोक दुसऱ्या वर्गात, असा तो सिद्धांत. त्याला अनुसरून १८९२ च्या सुमारास पलटणींची जातवार पुनर्रचना झाली आणि महारांची भरती बंद पडली. त्या शिपायांनी कोणत्या रणात पाठ दाखविली, याची चौकशी झाली नाही, कोणावर आरोप ठेवला गेला नाही आणि कोणाची जबानीही घेतली गेली नाही. एक विशेषण बदलले आणि पिढ्यानपिढ्यांची वाट बंद झाली. आपल्या धर्मशास्त्रांनी जे काम 'शूद्र' व 'अतिशूद्र' या शब्दांनी केले, तेच काम येथे इंग्रजी भाषेत आणि शास्त्राचा आव आणून झाले. फरक इतकाच की, या नव्या स्मृतीचे कर्ते ब्राह्मण नव्हते.

या बंदीविरुद्ध आपल्या पूर्वजांनी जे अर्ज केले, ते वकिलाच्या नजरेने वाचण्याजोगे आहेत. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक होते. त्यांनी १८९४ साली मुंबईच्या सेनापतीसाठी विनंतिपत्र तयार केले. त्यात त्यांनी असे मांडले की, आपण मूळचे क्षत्रिय, दुष्काळाच्या काळात अभक्ष्य भक्षण करावे लागल्याने खाली लोटले गेलेले लोक आहोत. हेच गोपाळबाबा १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेच्या मुळावर घाव घालणारे गृहस्थ! त्यांना 'क्षत्रिय' या शब्दाचा आधार का घ्यावा लागला? कारण दरवाजावर बसलेला पहारेकरी दुसरा शब्द ओळखतच नव्हता. जो लढाऊ जमातीचा, तोच शिपाई, असे एकदा ठरल्यावर अर्जदाराने आपण माणूस आहोत, धडधाकट आहोत, आपल्या बापाने व आजाने लढाया मारल्या आहेत, हे सांगून भागत नव्हते. त्याला आपली जमातच बदलून सांगावी लागत होती. सत्तेच्या भाषेचे खरे बळ मी येथे पाहतो. ती आपल्याला नाकारते, आणि नकाराविरुद्ध दाद मागतानासुद्धा तिचेच शब्द आपल्या तोंडी घालते.

याच सुमारास बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांनीही बंदीविरुद्ध खटपट केली आणि अर्जाच्या मसुद्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. त्यात मागणे काय? पोलिसात आणि सैन्यात अगदी खालच्या पायरीची शिपाईगिरी. आज तो अर्ज वाचताना काही तरुण संतापतात. आपल्या पूर्वजांनी इतके नमून का लिहावे, असे विचारतात. मला तो संताप समजतो, पण मान्य नाही. मी रोज न्यायालयात 'नम्र विनंती' असे शब्द लिहितो आणि त्याखाली प्रतिपक्षाला फाडून काढतो. अर्जाच्या पहिल्या ओळीतील नम्रता हा त्या काळचा स्टँप होता. अर्ज दाखल करून घेतला जावा म्हणून तो लावावाच लागे. खरी गोष्ट ही की, गावाच्या वेशीवर ज्यांनी बोलावयाचे नाही अशी रूढी होती, ते लोक लंडनमधल्या मंत्र्याला लिहीत होते.

आणि हे लिहिणे आले कोठून? तेही पलटणीतूनच आले. लष्करात शिपायांच्या मुलांसाठी शाळा होत्या, मुलींनाही त्यांत शिक्षण मिळे, आणि मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग असत. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, तेव्हा घरात अक्षर अगोदरच येऊन बसले होते. त्यानंतर एक-दोन वर्षांतच भरती बंद झाली. म्हणून मी म्हणतो की, त्या बंदीने केवळ पगार आणि पेन्शन गेले नाही. हजारो घरांत येऊ घातलेले अक्षर उंबऱ्यावरून परत गेले. माझ्या पणजोबांच्या पिढीत आमच्या घरी कोणालाही लिहिता येत नव्हते, आणि आजोबांनी 'एक्झेम्प्लरी' वर नुसतेच बोट ठेवले, त्याचे एक कारण या इतिहासात आहे.

पुढे पहिले महायुद्ध आले, माणसांची गरज पडली, आणि कालचे बिनलढाऊ लोक एकाएकी लढाऊ ठरले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. या खेपेस मात्र सरकारच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर स्वतः बाबासाहेब होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली आणि ती यावेळी मोडली गेली नाही. जमातीचा स्वभाव जन्मसिद्ध असतो म्हणणाऱ्यांनी हा स्वभाव १८९२, १९१७, १९२१ आणि १९४१ अशा बरोबर सरकारच्या सोयीच्या साली कसा बदलत गेला, याचे उत्तर दिलेले मला आढळले नाही.

रेजिमेंटच्या नावाबद्दल मला नेहमी विचारतात. आपण बौद्ध झालो, मग रेजिमेंटने जुन्या जातीचे नाव का मिरवावे? त्या रेजिमेंटमध्ये आता केवळ आपलेच लोक नाहीत, निरनिराळ्या प्रांतांचे व समाजांचे जवान आहेत. तिच्यात अधिकारी म्हणून प्रवेश केलेले कृष्णराव व सुंदरजी हे पुढे भारताचे सेनाप्रमुख झाले. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे, आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तामिळ घरातला अधिकारी ज्या नावाखाली अभिमानाने लढला, ते नाव गावकीच्या तोंडचे नाव उरलेले नाही. माझे मत विचाराल तर, टोपीवरच्या नावाची मला चिंता वाटत नाही. मला चिंता वाटते ती कागदातल्या नावाची. त्याकडे मी येतोच.

तत्पूर्वी बराकीतल्या बोलीविषयी दोन शब्द, कारण आजोबांच्या तोंडून ती मी पुष्कळ ऐकली. इंग्रजी अमदानीत पहारेकऱ्याने अंधारात कोणी दिसल्यास 'हू कम्स देअर?' असे विचारावयाचे असे. म्हणजे 'कोण येतो तेथे?' देशी शिपायाच्या तोंडी त्याचे 'हुकुमदर' झाले. बघा, साहेबाच्या भाषेत तो प्रश्न होता, आमच्या शिपायाच्या कानाला तो हुकूम वाटला, कारण वरून आलेला प्रत्येक ध्वनी त्याला हुकूमच असे. 'ड्रिल' या शब्दाचे 'दलेल' झाले. साहेबाच्या मते ती कवायत होती, शिपायाच्या बोलीत 'दलेल' म्हणजे शिक्षेची कवायत. शब्द तोच, पण देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अनुभवातील अंतर त्या मोडलेल्या उच्चारात नोंदले गेले आहे. 'जमादार' हा शब्द घ्या. सैन्यात तो सुभेदाराच्या खालचा मानाचा हुद्दा होता, आणि उत्तर हिंदुस्थानात झाडूवाल्यालाही त्याच नावाने हाक मारीत. १९६५ साली सैन्यातील त्या हुद्द्याचे नाव नायब सुभेदार झाले. रस्त्यावरच्या झाडूवाल्याचे नाव बदलण्याची घाई कोणास झाली नाही.

ही हुकुमाची बोली छावणीच्या फाटकाशी थांबत नसे, हेही मी मोकळेपणाने सांगतो. आजोबा सुटीवर आले की, घरात हुकूम सुटत. "पाणी!" "चपला!" क्रियापद नाही, नाव नाही. एकदा आजीने तांब्या ठेवला आणि म्हणाली, "मी काय तुमची पलटण आहे?" आजोबा म्हणे बराच वेळ गप्प बसले. ज्या माणसाला 'राम्या' या हाकेचे दुःख आयुष्यभर डाचले, त्याने घरी येऊन बायकोला नावाशिवाय हाक मारावी, यात विसंगती आहे हे त्यांना त्या दिवशी कळले असावे. पुढे ते तिला नावाने हाक मारू लागले, आणि गल्लीतल्या लोकांना त्याचेच हसू येई.

आजीलाही आपले बोलणे पोचविण्याची सोय नव्हती. आजोबांचे पत्र आले की, ते गावच्या मास्तराकडून वाचून घ्यावे लागे, आणि मास्तर ते ओट्यावर बसून मोठ्याने वाची. ती खाली अंगणात उभी. उत्तरही त्याच्याच हातून जावयाचे. मग त्यात काय लिहावे? सर्व खुशाल आहे. घरात दाणा नसला तरी सर्व खुशाल आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासनीस वाचीत असत. तेव्हा शिपायांनी आपल्या खुणेचे शब्द योजले. हिंदी लोकांना काळी मिरी, गोऱ्यांना लाल मिरची म्हणून ते काय कळवावयाचे ते कळवीत. तपासनिसांनी ती खूण ओळखली, म्हणूनच ती आज आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आजीजवळ खुणेचे शब्दही नव्हते. तिचा तपासनीस ओट्यावर बसलेला होता.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. आपले संविधान लागू झाले त्याच वर्षी, १९५० साली, लष्कर अधिनियम संमत झाला. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसदेला मर्यादा घालता येते, आणि शिस्तीसाठी ती काही प्रमाणात आवश्यक आहे हे मी नाकारीत नाही. सैन्यात प्रत्येक हुकुमावर चर्चा करीत बसता येणार नाही. पण त्या अधिनियमाचे शब्द बारकाईने पाहा. कलम ४० अन्वये वरिष्ठाशी उद्धट भाषा वापरणे हा स्वतंत्र अपराध आहे, आणि त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वरिष्ठाने कनिष्ठास अपशब्द वापरले तर? 'भाषा' हा शब्द तेथे नाही. कलम ४७ मध्ये कनिष्ठावर बळाचा वापर करणे किंवा अन्य प्रकारे त्यास वाईट वागविणे, असा अपराध आहे. त्याची शिक्षा अधिक, सात वर्षांपर्यंत आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु जातिवाचक शिवी त्या 'अन्य प्रकारे' या दोन शब्दांत बसवून दाखविण्याचे ओझे तक्रारदारावर येते. खालून वर गेलेला शब्द कायद्याने नावानिशी ओळखला. वरून खाली आलेल्या शब्दाला वकिलाने नाव द्यावयाचे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक तरुण जवान आला. कोणत्या युनिटचा, ते सांगत नाही. त्याच्यावर संक्षिप्त लष्करी न्यायालयात खटला झाला होता. या न्यायालयात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. त्याला 'गुन्हा कबूल आहे काय' असे विचारले गेले. आदल्या रात्री कोणा जुन्या माणसाने त्याला सांगितले होते, "हाँ बोल दे, छूट जाएगा." तो 'हाँ' म्हणाला, आणि नोकरी गमावून बसला. मी विचारले, आरोपपत्र वाचले होतेस काय? म्हणाला, इंग्रजीत होते. मी विचारले, मराठीत किंवा हिंदीत मागितले होतेस काय? तो माझ्याकडे बघतच राहिला. असे मागता येते, हेच त्याला ठाऊक नव्हते.

बंधूंनो, हे मागता येते. १९५४ च्या लष्कर नियमांपैकी ३४ वा नियम सांगतो की, आरोपीस आरोपपत्राची प्रत द्यावी, जरूर तर ते वाचून समजावून द्यावे, आणि त्याने इच्छा दर्शविल्यास त्याला समजणाऱ्या भाषेतील भाषांतरही द्यावे. हे कळविल्यापासून खटला सुरू होईपर्यंत शांततेच्या काळात किमान ९६ तास मिळावयास हवेत, आणि ही मुदत बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले आहे. संक्षिप्त न्यायालयासाठी ११५ वा नियम आहे. कबुली नोंदविण्यापूर्वी आरोपाचा अर्थ आणि कबुलीचा परिणाम आरोपीला समजला आहे, याची खात्री न्यायालयाने करून घ्यावयाची असते. १२९ व्या नियमान्वये आरोपीला साहाय्यक घेता येतो, तो वकीलही असू शकतो. पण या साहाय्यकाने आरोपीच्या कानात सल्ला द्यावयाचा, प्रश्न सुचवावयाचे. न्यायालयाला उद्देशून बोलावयाचे नाही की साक्षीदाराला प्रश्न विचारावयाचा नाही. म्हणजे बोलावयाचे आहे ते शेवटी त्या मुलानेच! ज्याला आयुष्यभर 'जी साहेब' एवढेच बोलावयास शिकविले, त्याने त्या एका दिवशी उलटतपासणी करावयाची. म्हणून घरून भरतीला निघालेल्या मुलाला आईने डब्यात लाडू जरूर द्यावेत, पण 'मला समजणाऱ्या भाषेत लिहून द्या' हे वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्यावे. त्या जवानाचे प्रकरण आम्ही सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे नेले आहे. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. प्रकरण प्रलंबित असल्याने अधिक बोलत नाही.

आता कागदातल्या नावाकडे येतो. आज येथे आलेल्या नवदीक्षित कुटुंबांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे.

धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारे काढले, आणि पुष्कळांनी नावेही बदलली. माझी एक अशील अशीच वृद्ध माता आहे. माहेरी आणि लग्नात तिचे नाव एका देवीचे होते. दीक्षेनंतर पतीच्याच इच्छेने तिने बुद्धकालीन उपासिकेचे नाव घेतले. मतदार यादीत, आधारपत्रावर, बँकेच्या पुस्तकात सर्वत्र तेच नाव आले. पती सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, नेकीचा माणूस. त्याने जगातली सर्व कागदपत्रे बदलली आणि आपल्या सेवेच्या नोंदीत बायकोचे नाव मात्र जुनेच राहू दिले. तो वारला. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज गेला, आणि उत्तर आले की, नोंदीतील स्त्री आणि अर्जदार स्त्री एकच असल्याचे सिद्ध होत नाही. चौदा महिने ती माता कचेऱ्या फिरली. एका मेजावर एका कारकुनाने तिला विचारले, "मग ती पहिली बायको कुठं आहे?" त्या प्रश्नाचा अपमान तुमच्या लक्षात येतो ना? जे नाव तिने माणूस म्हणून नव्याने जगण्यासाठी घेतले, त्याच नावामुळे ती आपल्या नवऱ्याची बायको ठरेना. ती मला म्हणाली, "वकीलसाहेब, जुनंच नाव लावू का परत? पोटासाठी लावते." मी तिला म्हणालो, आई, नाव तुमचे राहील आणि पेन्शनही तुमचीच राहील, मला थोडा वेळ द्या. प्रतिज्ञापत्र केले, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला, लग्नाचा आणि जुन्या शाळेचा दाखला जोडला, दोघांचा एकत्र फोटो जोडला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे पाठविले. पेन्शन सुरू झाली. पण त्या चौदा महिन्यांत तिने मंगळसूत्रातले मणी विकले होते.

हे टाळता येते. जवान नोकरीत असताना लग्न, मूल, नावातील बदल यांची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' ने होते. ती त्याने स्वतः मागून घ्यावी, छापून आलेली प्रत घरी पाठवावी, आणि घरच्यांनी ती नुसती जपून न ठेवता वाचावी. बायकोच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारपत्रावर जसे आहे तसेच तेथे आहे काय, मुलांच्या जन्मतारखा जुळतात काय, हे पाहावे. धर्माच्या रकान्याचेही तसेच. आजोबा दीक्षा घेऊन बौद्ध झाले तरी त्यांच्या पुस्तकात 'हिंदू' हाच शब्द शेवटपर्यंत राहिला, कारण तो बदलता येतो हे त्यांना कोणी सांगितले नाही. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या आहेत. तेव्हा बौद्ध लिहिले तर मुलांचा हक्क जाईल, या भीतीने खोटा धर्म लिहिण्याचे आता कारण नाही. जातीच्या दाखल्यात अनुसूचीतील जातीचा उल्लेख लागतो, तो दाखल्यात असू द्या. धर्माच्या रकान्यात मात्र जे खरे आहे ते लिहा.

बोलण्याची मुदत संपत आली आहे, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले. मंडळाच्या सूचनेप्रमाणे ज्यांनी आपली डिस्चार्ज बुके, पेन्शनचे कागद व दाखले सोबत आणले आहेत, त्यांच्यासाठी मी सभेनंतर उजव्या बाजूच्या खोलीत बसणार आहे. माझ्यासोबत दोन विद्यार्थिनी आहेत, त्या कागदातील प्रत्येक शब्द तुम्हाला मराठीत वाचून दाखवतील. ज्या मातांचे पती हयात नाहीत, त्यांचे कागद आधी पाहू. गर्दी करू नये, कोणाचाही कागद पाहिल्याशिवाय मी जाणार नाही. आणि मुलांना घेऊन आला असाल तर त्यांनाही आत आणा. आपल्या आजोबांच्या पुस्तकात काय लिहिले आहे, ते त्यांनीच वाचावे.

जय भीम.